मेमरीची पंगत

नेवेनाचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, मुलगा भिंत धरून चालायलाही लागला, पण लग्नाची फिल्म काही बाहेर पडेना. ती तिहोमिर लाझिचच्या कॉम्प्युटरमध्ये अडकून बसली होती.

तिहोमिर आमच्या वाल्येवो गावच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकून. माणूस सरळ, पापभीरू, पण घरच्या कामाला कारागीर बोलवायचा नाही हा त्याचा बाणा. ज्याला स्वतःच्या घराला वॉलपेपर लावता येतो त्याला जगातलं कुठलंही काम जमतं, असं त्याचं ठाम मत होतं. त्याने लावलेला वॉलपेपर स्वयंपाकघरात उलटा लागलाय, हे खरं. पण द्राक्षांचे घड खालून वर लोंबत असले तरी ती द्राक्षं आहेत हे कुणालाही ओळखू येतं, तेव्हा त्या विषयात आपण शिरायला नको.

नेवेनाचा बाप वुकाशिन हा तिहोमिरचा कूम, म्हणजे तिहोमिरच्या लग्नात त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिलेला माणूस, आणि तेव्हापासून दोघंही एकमेकांना कूमच म्हणतात. सख्ख्या भावाशी अबोला धरलात तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. कूमशी धरलात तर तुमच्या अंत्ययात्रेतसुद्धा त्याची कुजबुज होते. कूम म्हणजे काही सदऱ्याचं बटण नव्हे, असं आमच्याकडे उगीच म्हणत नाहीत. म्हणून तर नेवेनाचं लग्न ठरल्यावर तिहोमिर मोठ्या तोंडाने बोलून बसला की फोटोवाल्याची गरजच काय, मी आहे ना. आणि वुकाशिनलाही कूम पडल्यामुळे नको म्हणता आलं नाही.

तिहोमिरने काम मात्र जीव तोडून केलं. नवरदेवाने रीतीप्रमाणे वधूच्या अंगणातल्या झाडावर टांगलेल्या सफरचंदाला गोळी घालण्यापासून ते वरपक्षाच्या एका काकाला चौघांनी उचलून मोटारीत कोंबण्यापर्यंत सगळं त्याने टिपलं. आता फक्त ते कापून, जोडून, गाणी लावून द्यायचं राहिलं होतं. ते राहिलं ते राहिलंच. वुकाशिन कधी एका शब्दाने बोलला नाही. भेटला की पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "घाई नाही रे, कूम. सावकाश होऊ दे." शिव्या दिल्या असत्या तर तिहोमिरला इतकं लागलं नसतं.

पण आता घाई होती. वुकाशिनची आई, स्तानोयका आजी, लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात पडली होती, आणि इकडे नातीची वरात निघाली तेव्हा ती मोडलेला खुबा घेऊन इस्पितळात पडून होती. एकुलत्या एका नातीचं लग्न, आणि आजीने वधूचा पोशाखसुद्धा पाहिला नाही. त्यानंतर ती डोंगरातल्या आपल्या गावाहून खाली उतरलीच नव्हती. येत्या रविवारी वुकाशिन तिला गाडीने आणणार होता, आणि तिने निरोप धाडला होता: "तिहोमिरला म्हणावं, ह्या खेपेला फिल्म बघूनच मी परत जाणार. पुढच्या खेपेचा माझा मलाच भरवसा नाही."

हा निरोप तिहोमिरला टाळता येणार नव्हता. त्याच्या स्वतःच्या लग्नात हीच आजी पहाटेपर्यंत नाचली होती.

तो तडक कॉम्प्युटरपुढे बसला. एडिटिंगचा प्रोग्राम उघडला की कॉम्प्युटर दोन मिनिटं जड श्वास घ्यायचा आणि डोळे मिटायचा. इंटरनेटवर तासभर डोकेफोड केल्यावर निदान कळलं, की मेमरी कमी पडते. तिहोमिरने पेटीचं झाकण उघडून आत बघितलं. मेमरीच्या पट्ट्यांसाठी चार खाचा होत्या आणि पट्टी एकच. तीन जागा इतकी वर्षं रिकाम्या, आणि घरमालकाला पत्ता नाही.

पट्टी काढून, रुमालात गुंडाळून तो चौकातल्या दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं की असली मेमरी आता कुणी विकत नाही, साहेबांनी नवा कॉम्प्युटर घ्यावा. तिहोमिर म्हणाला की म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर नवा गुडघा बसवतात, नवा माणूस घ्या म्हणत नाहीत. बाई हसल्या नाहीत. घरी आल्यावर बायकोने, देसाने, एवढंच विचारलं की तिच्या मावसभावाच्या ओळखीचा एक कारागीर आहे, त्याला बोलवायचं का. तिहोमिरने विषय बदलला, कारण दोघंही तेव्हा उलट्या द्राक्षांखालीच उभी होती.

आणि मग त्याने ती चूक केली. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या स्वेतोझारने सहज विचारलं की चेहरा का उतरलाय, आणि ह्याने सहज सांगितलं. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये बोललेलं वाक्य माणसाच्या आधी वर पोचतं.

संध्याकाळी स्वेतोझार स्वतः आला. हा जकात खात्यातून निवृत्त झालेला अधिकारी. अजूनही कुणी पिशवी घेऊन जिना चढलं की त्याची नजर आधी पिशवीवर जाते. त्याने चष्म्याच्या घरातून मखमलीवर निजवलेली मेमरीची पट्टी काढली. त्याच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली. मुलाने जर्मनीहून आणलेला माल, तेव्हा नाव ठेवायला जागा नाही, असं तो म्हणाला. तिहोमिरचे डोळे भरून आले. देसाने रीतीप्रमाणे मुरांब्याचा चमचा आणि पाणी पुढे केलं, मग कॉफी, मग राकिया ही आमची फळांची दारू. स्वेतोझार उठतोय तोच तळमजल्यावरच्या मिलुन्काबाई आल्या. हातात भोपळ्याचं सारण भरलेल्या गोड वळकट्यांची थाळी, आणि थाळीच्या कडेला इस्त्रीच्या रुमालात त्यांच्या दिवंगत यजमानांच्या, बोरिवोयेच्या, कॉम्प्युटरमधली पट्टी. पुन्हा मुरांबा, पुन्हा कॉफी. त्यांच्या पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरचा बसचालक ग्वोझ्देन आला. त्याने आपली पट्टी सदऱ्याच्या खिशातून, तंबाखू झटकून, टेबलावर ठेवली. ग्वोझ्देन आणि स्वेतोझार एकमेकांशी बोलत नाहीत. स्वेतोझारच्या जेरेनियमच्या कुंड्यांचं पाणी ग्वोझ्देनच्या वाळत घातलेल्या चादरीवर ठिबकतं, आणि ह्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी अजून माघार घेतलेली नाही.

तीन रिकाम्या जागा, तीन पट्ट्या. देव आहे, असं तिहोमिर मनाशी म्हणाला. देव असतोच, पण तो असल्या कामात लक्ष घालत नाही.

आता खाच कुणाला कुठली? कॉम्प्युटरसोबत आलेल्या पुस्तिकेत ह्याचे नियम असतात, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे पाहुणा कुठे बसवला ह्यावर घराची अब्रू ठरते, आणि तिहोमिर अब्रूदार माणूस. त्याने पंगत मांडली. प्रोसेसर म्हणजे यजमान, टेबलाच्या मुख्य जागी. त्याच्या शेजारी स्वेतोझार, वयाने आणि हुद्द्याने थोर. तिसऱ्या जागेवर ग्वोझ्देन. त्या दोघांच्या मध्ये मिलुन्काबाईंचा बोरिवोये, म्हणजे हाणामारी व्हायला नको. आणि घरची पट्टी शेवटी, कोपऱ्यात. घरच्या माणसाने दाराशीच बसायचं असतं.

बटण दाबलं. पडदा काळा राहिला आणि कॉम्प्युटरने तीन लांब शिट्ट्या मारल्या.

त्यानंतरचे दिवस तिहोमिरला आयुष्यभर पुरतील. शिट्ट्या जिन्यापर्यंत ऐकू जात होत्या, त्यामुळे सल्ला द्यायला माणसं आपण होऊन येत होती. मिलुन्काबाईंनी बघितलं की खोलीची खिडकीही उघडी आणि कॉम्प्युटरचं झाकणही उघडं. त्या हादरल्या. आरपार वारा घेतल्यावर धडधाकट माणसाची मान धरते, तिथे ह्या मुक्या यंत्राची काय कथा? त्यांनी खिडकी लावली आणि पेटीच्या उघड्या अंगावर स्वतःची शाल घातली. ग्वोझ्देन म्हणाला की बसमध्ये असं झालं की तो एक लाथ घालतो. स्वेतोझारने तिहोमिरला बाजूला घेऊन सांगितलं की दोष कुणाला लावायचा नाही, पण तंबाखूच्या खिशातून आलेल्या मालाकडून आपण काय अपेक्षा ठेवणार. तासाभराने ग्वोझ्देनने त्याला दुसऱ्या बाजूला घेऊन विचारलं की जकात अधिकाऱ्याच्या घरातल्या वस्तू नेमक्या कुणी कुणासाठी आणलेल्या असतात, ह्याचा कधी विचार केलाय का.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं, आणि ते त्यांनी एकमेकांना न सांगता तिहोमिरला सांगितलं: पट्ट्यांची सोनेरी टोकं राकियाने पुसायची. छातीत कफ झाला, गुडघा सुजला, काच मळली, तर आमच्याकडे उपाय एकच. तिहोमिरने मनुक्याएवढा कापसाचा बोळा भिजवला आणि उरलेली बाटली पाहुण्यांपुढे ठेवली. पट्ट्या चकचकीत झाल्या. पाहुणेही झाले. शिट्ट्या तीनच राहिल्या.

शेवटी त्याने पुस्तिका उघडली. तीत स्पष्ट लिहिलं होतं की सगळ्या पट्ट्या बाहेर काढाव्या आणि एकेक लावून बघावी, म्हणजे दोषी कोण ते कळेल. लिहिणाऱ्याला शेजारी नसावेत. स्वेतोझार रोज पेपर मागायला यायचा आणि मान वाकडी करून पेटीत डोकवायचा, आपली पट्टी जागेवर आहे ना. ग्वोझ्देन ड्यूटीवर जाताना दारातूनच विचारायचा, "माझी बसवलीय ना, शेजारी?" तिहोमिरने बाजाराची वेळ साधली. सगळे भाजी आणायला गेलेत असं बघून त्याने बोरिवोयेची पट्टी अलगद उपसली आणि बशीत ठेवली. नेमक्या तेव्हाच मिलुन्काबाई आपली थाळी न्यायला आल्या.

त्यांनी बशीकडे पाहिलं. "माझा बोरिवोये बाहेर, आणि तंबाखूवाला आत?"

"तसं नाही, मिलुन्काबाई. नुसती तपासणी."

"तपासणीच म्हणत होते इस्पितळातही," त्या म्हणाल्या, आणि थाळी न घेता निघून गेल्या.

तिहोमिरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पट्टी तत्काळ जागेवर बसवली, आणि देसाने थाळीत सफरचंदाचे घावन भरून ती खाली पोचवली, कारण शेजारणीची थाळी रिकामी परत करणं हा वेगळाच गुन्हा झाला असता. तरीही बाईंचा नमस्कार दोन दिवस बंद होता.

शनिवार उजाडला. तिहोमिर पेटीपुढे डोकं धरून बसला होता आणि देसा शेजारी धुतलेले मोजे जुळवत होती. तो तिला म्हणाला की सगळं संपलं, उद्या आजीला काय तोंड दाखवू. आणि तो हे रागाने म्हणाला नाही, म्हणून देसाने मोजे खाली ठेवले आणि पहिल्यांदाच पेटीत नीट बघितलं.

"पहिल्या दोन खाचा निळ्या आहेत," ती म्हणाली, "नंतरच्या दोन काळ्या. का?"

तिहोमिरने पुस्तिकेत बघितलं. एका रंगाच्या खाचांत एकसारख्या पट्ट्या घालाव्या, असं होतं. देसाने चारही पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या, मोज्यांसारख्याच. स्वेतोझारची आणि ग्वोझ्देनची पट्टी हुबेहूब एक निघाली. एकच कंपनी, एकच लेबल, एकच आकडा. जर्मनी आणि तंबाखू ह्यांच्यात तसूभर फरक नव्हता.

त्या दोघांना तिहोमिरने निळ्या खाचांत खांद्याला खांदा लावून बसवलं. उरलेली जोडी, बोरिवोये आणि घरची पट्टी, काळ्या खाचांत गेली. बटण दाबलं. शिट्टी नाही. पडदा उजळला. तिहोमिरने आधी झाकण लावलं, चारी स्क्रू आवळले, म्हणजे कुणी डोकावायला नको, आणि मगच बायकोची पापी घेतली.

दिवसभर बसून त्याने फिल्म जोडली. चालवून बघितली तेव्हा मात्र एक खोड कळली. मध्येच चित्र थिजायचं. गाणंही थांबायचं. मग काही वेळाने आपणच पुढे सरकायचं. चौघांतलं कुणीतरी अजून नाठाळ होतं. पण आता शोध घ्यायला वेळ नव्हता आणि छातीही नव्हती.

रविवारी दुपारी वुकाशिन, नेवेना, तिचा नवरा आणि मुलगा आले. मधोमध स्तानोयका आजी, काळ्या रुमालात, काठी टेकत, जणू लग्नालाच आल्यासारखी ठेवणीतला कोट घालून. तिला पडद्यासमोर आरामखुर्चीत बसवलं. तेवढ्यात तिन्ही शेजारीही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांची मेमरी आत होती, तेव्हा बोलावण्याचा प्रश्नच नव्हता.

फिल्म सुरू झाली. अंगण, ढोल-तुतारी, झाडावर उंच टांगलेलं सफरचंद. नवरदेवाने बंदूक उचलली, नेम धरला, आणि चित्र थिजलं.

स्वेतोझारने ग्वोझ्देनकडे पाहिलं, ग्वोझ्देनने स्वेतोझारकडे, आणि मिलुन्काबाईंनी छताकडे. वुकाशिन हळूच म्हणाला की राहू दे, कूम, काही बिघडत नाही. तिहोमिर बटणाकडे हात नेतोय तोच आजीची काठी मध्ये आली.

"हात लावू नकोस," आजी म्हणाली. "हा नेवेनाचा नवरा ना? त्याच्या मागची निळ्या पोशाखातली कोण?"

नेवेनाने सांगितलं की ती नवऱ्याची आत्या. आजीने विचारलं की कुठल्या गावची, मुलं किती, आणि ही तोंड वाकडं करून का उभी आहे. उत्तरं देईपर्यंत चित्र सुटलं. गोळी सफरचंदाला लागली नाही. दुसरीही लागली नाही. नवरदेव खुर्चीत चुळबुळ करत म्हणाला की तेव्हा वारा होता. मिलुन्काबाईंनी त्याला मनापासून दुजोरा दिला.

मग तसंच चालत राहिलं. चित्र थांबे, आजी पुढे वाकून एकेक चेहरा न्याहाळी, ओळख करून घेई, चौकशी करी, आणि मान हलवून झाल्यावर चित्र चालू लागे. गावच्या लग्नाच्या फिल्मा तिने पुष्कळ पाहिल्या होत्या, ती म्हणाली, पण त्यांत माणसं चोरासारखी पळतात, कुणाला रामराम करायला सवड मिळत नाही. इथे प्रत्येक जण तिच्यापुढे उभा राहून भेटत होता. कोंबलेल्या काकाचे पाय मोटारीबाहेर राहिले तिथे चित्र थांबलं, तेव्हा आजी डोळे पुसेपर्यंत हसली.

बाहेर उजेड कलला होता तेव्हा पडद्यावर वधू अंगणात नाचायला उतरली. नेवेनाने गिरकी घेतली, पोशाखाचा घेर पसरला, ती थेट कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि चित्र थिजलं. ह्या वेळी फारच वेळ. आजी काही विचारीना. तिने काठी बाजूला ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि नुसती बघत राहिली.

"तिथे गेले असते तर गर्दीत मला एवढी दिसली नसती," ती शेवटी म्हणाली, आणि रडली. नेवेना तिच्या पायाशी जाऊन बसली. वुकाशिनने तिहोमिरचा खांदा धरला, सोडला, पुन्हा धरला. 'सावकाश' हा शब्द त्याने उच्चारला नाही. तिहोमिरही रडत होता, आणि ग्वोझ्देन तंबाखूचा त्रास होतो म्हणून खिडकीशी गेला.

सोमवारी सकाळी वुकाशिनचा फोन आला. आजीने मुक्काम वाढवला होता. गुरुवारी तिला फिल्म परत बघायची होती, आणि अगदी तशीच, कारण वरपक्षाची निम्मी माणसं भेटायची राहिली होती.

ही बातमी लिफ्टने वर-खाली गेली. कचेरीतून तिहोमिर परतला तेव्हा जिन्यात स्वेतोझार उभाच होता. त्याने खाकरून सांगितलं की आता लपवण्यात अर्थ नाही, चित्र थांबवत होती ती त्याचीच पट्टी. जर्मन माल, घाई त्याच्या रक्तातच नाही. हे वरून ऐकून ग्वोझ्देन खाली आला आणि, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, स्वेतोझारशी बोलला. तो म्हणाला की खोटं बोलायला वय बघावं माणसाने. आपण बस चालवतो, थांबा आला की थांबायचं हे आपल्या पट्टीला नाही कळणार तर कुणाला. खालून मिलुन्काबाईंचा आवाज आला की बोरिवोये आयुष्यभर प्रत्येकाशी उभं राहून बोलल्याशिवाय पुढे सरकला नाही, जिवंत होता तेव्हा लोक वैतागायचे, आता श्रेय घ्यायला धावतात.

तिहोमिर कसाबसा घरात शिरला. मग देसा म्हणाली की चार पट्ट्यांतल्या तिघींवर आपण आठवडाभर संशय घेतला. चौथीला कुणी विचारलंय का?

त्याने झाकण उघडलं आणि कोपऱ्यातली घरची पट्टी उपसली. फिल्म लावली. ती कुठेही न अडता, लोण्यासारखी, पहिल्या गोळीपासून वधूच्या गिरकीपर्यंत धावत गेली. तिहोमिरने पट्टी उलटसुलट करून बघितली. आजीला रडवणारी, आजीला हसवणारी वस्तू त्याच्याच घरची होती. त्याच्या हाताने खरेदी केलेली. हे आता जिन्यात जाऊन ओरडून सांगावं असं त्याला अनिवार वाटलं. तो तिथवर गेलाही.

जिन्यात तिघं अजून हुज्जत घालत होते, पण आता एका पायरीवर बसून, मिलुन्काबाईंच्या थाळीतून खात. तिहोमिरला बघून स्वेतोझार सरकला आणि त्याला जागा करून दिली.

"तुझ्या पट्टीबद्दल आमची काही तक्रार नाही हं, शेजारी," तो मोठ्या मनाने म्हणाला. "बिचारी एका कोपऱ्यात गप्प बसून होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

बाकी दोघांनी माना डोलावल्या. आठवड्यात पहिल्यांदा तिघांचं एका गोष्टीवर उघड एकमत झालं होतं.

तिहोमिर त्या जागेवर बसला. त्याने एक वळकटी उचलली.

"हो," तो म्हणाला, "तिचा कुणाला त्रास नाही." आणि खाऊन झाल्यावर तो आत गेला, आणि गुरुवारसाठी ती पट्टी परत तिच्या जागेवर बसवली.